पेत्राचा नकार आणि तळ्याकाठची न्याहारी

मा. संपादक महोदय,

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकात इंदूरमधील चर्चमधल्या उपासनेची बातमी छायाचित्रासह येते, त्याबद्दल येथील एक मराठी ख्रिस्ती वाचक म्हणून मी आपला आभारी आहे. मात्र ती बातमी वाचून एका शेजाऱ्यांनी मला विचारले, की तुमचा विश्वास एवढा पक्का असतो, तर तुमची माणसे ऐन वेळी कच खातात ती कशी? या प्रश्नाचे उत्तर मला त्या सणाच्याच कथेत दिसते.

"सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही," असे ठासून सांगणारा येशूचा शिष्य पेत्र त्याच रात्री, येशूला अटक झाल्यावर, प्रमुख याजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता. एका दासीने हटकले, आणि येशूला आपण ओळखतच नाही असे तो तीनदा म्हणाला. कोंबडा आरवला तेव्हा तो बाहेर जाऊन रडला. हा प्रसंग चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूच्या चारही चरित्रांत, आहे. पेत्र पुढे ख्रिस्ती मंडळीचा अग्रणी झाला, तेव्हा त्याचा हा कमीपणा झाकता आला असता. उलट मार्काचे शुभवर्तमान पेत्राच्याच आठवणींवरून लिहिले गेले, अशी प्राचीन मंडळीची परंपरा सांगते. ती खरी असेल तर आपल्या नकाराची हकिकत त्याने स्वतःच वेळोवेळी सांगितली असली पाहिजे, आणि याचे मला फार मोल वाटते.

मी एका कापडगिरणीच्या हिशेबखात्यात होतो. तेथे एका सहकाऱ्यावर चुकीचा आळ आला. खरे काय ते मला ठाऊक होते, तरीही चौकशीत "मला काही माहीत नाही" एवढेच मी बोललो. त्याच आठवड्यात मी उपासनेत प्रार्थनाही चालवली होती. त्यानंतर कित्येक महिने मला बायबल उघडवत नव्हते, कारण देवावरचा माझा भरवसा हा बराचसा माझ्याच सचोटीवरचा भरवसा होता, हे मला तेव्हा कळले.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, या वेळी तळ्याच्या काठी. रात्रभर जाळे टाकून हाती काही न लागलेल्या शिष्यांना पुनरुत्थित येशू न्याहारीला बोलावतो, आणि पेत्राला "असे का केलेस?" असे न विचारता "माझ्यावर प्रीती करतोस काय?" असे तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी होतो, पण या वेळी बढाई मारत नाही. "प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे," एवढ्याच आधारावर तो उत्तर देतो, आणि मेंढरे राखण्याचे काम त्याच्याकडेच सोपवले जाते. येशूला पैशांसाठी पकडून देणारा शिष्य यहूदा यालाही पस्तावा झाला होता, त्याने त्यासाठी मिळालेली चांदीची ३० नाणी परतही केली. परंतु तो या विस्तवापर्यंत आला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

पतितपावन हा शब्द मराठी घरांना परका नाही, म्हणून आपल्या सर्वच वाचकांना ही कथा जवळची वाटेल. त्या सहकाऱ्याच्या घरी जाऊन क्षमा मागण्याचे बळ मला याच अध्यायाने दिले. पुढील ईस्टरच्या बातमीत त्या न्याहारीलाही चार ओळींची जागा मिळावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, इंदूर