दुर्बीण कपाटात ठेवण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला संगणकीय, म्हणजे सांगितलेला तारा स्वतः शोधून दाखवणारी, दुर्बीण भेट मिळाल्याची बातमी आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळते. पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली जाते, दुर्बिणीभोवती मुले दाटीवाटीने उभी राहतात आणि छायाचित्र छापून येते. त्या दुर्बिणीचे पुढे काय झाले याची बातमी मात्र येत नाही. गेली अकरा वर्षे तशीच एक दुर्बीण मी घरी वापरत आणि सांभाळत आलो आहे. या काळात ओळखीच्या तीन संस्थांच्या दुर्बिणी कपाटातून बाहेर काढून तपासण्याचा प्रसंग माझ्यावर आला. तिन्ही निकामी झाल्या होत्या आणि त्यांतली एकही योग्य वापराने बिघडलेली नव्हती. मृग लागायला आता पंधरवडाच उरला आहे, म्हणून हे पत्र लिहिण्याची घाई करीत आहे.

माझी दुर्बीण आठ इंची, म्हणजे 203 मिलिमीटर व्यासाची, श्मिट-कॅसेग्रेन पद्धतीची, म्हणजे समोर काच आणि आत आरसे असलेली, आहे. तिचे नाभीय अंतर 2032 मिलिमीटर आहे, पण आत आरशांनी प्रकाश दोनदा मागे वळवला जात असल्याने नळी जेमतेम दीड फुटाची आहे. ती ज्यावर फिरते त्या बैठकीत दोन मोटारी आहेत आणि वायरीने जोडलेल्या नियंत्रकात, ज्याला आम्ही सरळ रिमोट म्हणतो, सुमारे चाळीस हजार ज्योतींची, म्हणजे तारे, ग्रह, तारकागुच्छ वगैरेंची, यादी साठवलेली आहे. विकत घेताना विक्रेत्याने ‘आपोआप’ हा शब्द इतक्यांदा वापरला, की पहिल्या रात्री मला काहीच शिकावे लागणार नाही, अशी माझी खात्रीच झाली होती.

ती रात्र 5 जूनची होती. मी तारीख आपल्या पद्धतीने आधी दिवस आणि मग महिना अशी भरली. रिमोटने ती अमेरिकी पद्धतीने वाचली आणि आज 6 मे आहे असे धरून चालला. एका महिन्याच्या फरकाने त्याच वेळेचे आकाश तीस अंशांनी सरकते. उत्तरेकडे तोंड करून ठेवलेल्या दुर्बिणीला मी शनीकडे वळायला सांगितले, तेव्हा ती मोठ्या रुबाबात फिरून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर स्थिरावली. यंत्राचे गणित अचूक होते. त्याला पुरवलेली माहिती चुकीची होती.

तारखेइतकीच गफलत वेळेत होते. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर बेतलेली असून ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. काही जुन्या रिमोटमध्ये पूर्ण तासांचेच कालविभाग असतात, आणि पाच किंवा सहा यांपैकी कोणताही निवडला तरी अर्ध्या तासाची चूक राहते. अर्धा तास म्हणजे आकाशात साडेसात अंश, अर्थात एकाला एक लागून मांडलेले पंधरा पूर्णचंद्र. त्यावर साधा उपाय असा, की शून्य विभाग निवडावा आणि आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून वेळ भरावी. रात्रीचे साडेआठ असतील तर 15:00. उन्हाळी वेळेचा पर्याय आपल्याकडे बंदच ठेवायचा असतो, आणि रेखांश भरताना पूर्व-पश्चिम नीट पाहावे लागते. हे सारे रिमोटबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत विखुरलेले आहे. साताऱ्यातल्या शिक्षकाला हवे तसे एका जागी मांडलेले नाही.

त्यानंतर येते जुळवणी. यंत्राला दोन ताऱ्यांची ओळख करून द्यावी लागते, मग उरलेल्या आकाशाचा हिशेब ते स्वतः करते. येथे आपल्याकडच्या जाणत्या माणसाचीही पंचाईत होते, कारण ज्याला पंचांगामुळे मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा तोंडपाठ आहेत, त्याला रिमोटच्या पडद्यावर रेग्युलस, स्पायका, आर्क्टुरस, अँटारेस अशी नावे दिसतात. मी दोन्ही नावांचा तक्ता करून तो बैठकीवरच चिकटवला आहे. सध्या रात्री साडेआठच्या सुमारास पश्चिमेकडची मघा आणि पूर्वेच्या बाजूला उंच आलेली स्वाती ही जोडी मी वापरतो. दोघींमध्ये साठेक अंशांचे अंतर असल्याने जुळवणी चांगली बसते. तारा दृष्टिक्षेत्राच्या मध्यावर आणताना शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करावी. माझ्या दुर्बिणीत ती वरच्या आणि उजव्या बाणाने करायची असते. दातेचाकांमध्ये थोडी सैल जागा असते, जिला कारागीर ‘प्ले’ म्हणतात, आणि दर वेळी वेगळ्या दिशेने आलात तर ती चूक पुढच्या प्रत्येक शोधात शिल्लक राहते. नावे माहीत नसतील तर कोणत्याही तीन तेजस्वी ज्योती दाखवा, ओळखण्याचे काम मी करतो, असे म्हणणारी सोयही काही यंत्रांत आहे. ती बहुधा चालते, पण तारीख-वेळ चुकली असेल तर तीही हात टेकते.

एवढे जमल्यावर मिळणारा आनंद मात्र खरा आहे. माझे घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याजवळ असल्याने दक्षिणेचे आकाश किल्ल्याने अडवलेले आहे. तरीही मे महिन्यात किल्ल्याच्या माथ्यावरून नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ डोकावतो. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांच्या तो क्षितिजावर येतच नाही. मला तो घरच्या गच्चीवरून, 25 मिलिमीटरच्या आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, 81 पट विशालनाने बारीक पिठासारखा पसरलेला दिसतो. चाळीस हजार ज्योतींच्या यादीचे म्हणाल, तर शहराच्या उजेडातून अकरा वर्षांत माझ्या वहीत दोनशे सतरा नोंदी झाल्या आहेत. खोक्यावर छापलेल्या सहाशे-सातशे पट विशालनाला तर काहीच अर्थ नाही. हवा स्थिर असलेल्या रात्रीसुद्धा दोनशे-अडीचशेच्या पुढे ग्रहाचे चित्र उकळत्या पाण्यातल्यासारखे हलते.

आता बिघाडांविषयी. त्या तीन दुर्बिणींपैकी पहिलीच्या बैठकीत आठ पेन्सिल सेल तसेच राहिले होते. ते पाझरले, पट्ट्या हिरव्या पडल्या आणि तो क्षार सर्किटपर्यंत पोहोचला. मुळात पेन्सिल सेलवर या मोटारी फार वेळ चालत नाहीत, आणि सेल उतरू लागले की दुर्बीण मध्येच भरकटते. लोक त्याला संगणकाचा दोष समजतात. मी यूपीएसमध्ये असते तशी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी वापरतो. तिची पिन जोडताना धन-ऋण उलटे झाले तर एका क्षणात सर्किट जळू शकते, म्हणून पहिल्यांदा मल्टिमीटरने तपासून घ्यावे. ही बॅटरी पावसाळाभर तशीच पडू दिली तर तीही मरते. महिन्यातून एकदा तिला चार्जिंग हवे.

दुसरी दुर्बीण मुलांनी हाताने फिरवली होती. काही बैठकींना आडव्या दिशेचा क्लच, म्हणजे दाते मोकळे करण्याची सोय, नसतो. तिथे हाताने जोर लावला की मोटारीचे दाते तुटतात. वीज चालू असताना रिमोटची वायर काढू-घालू नये, हेही तिथे कोणी सांगितलेले नव्हते. तिचा रिमोट एका विक्रेत्याकडे दुरुस्तीला गेला आणि चार महिन्यांनी जसाच्या तसा परत आला.

तिसरीचा बिघाड मला सर्वांत जिव्हारी लागला, कारण तो पूर्ण टाळता येण्याजोगा होता. एका डिसेंबरच्या रात्री कार्यक्रम झाला, समोरच्या काचेवर दव जमले होते, कोणीतरी त्या ओल्या काचेवर झाकण घालून दुर्बीण पेटीत भरली आणि पेटी लोखंडी कपाटात गेली. पुढे दोन पावसाळे गेले. मी झाकण उघडले तेव्हा काचेच्या आतल्या बाजूने कोळिष्टकासारखी बुरशी पसरलेली होती. बुरशी काचेवर नुसती बसत नाही. तिच्यातून पाझरणारे आम्ल वरचा लेप खाते, आणि बुरशी पुसून काढली तरी ती नक्षी काचेवर राहते.

दवावरचा उपाय काहीशे रुपयांत होतो. योगासनाच्या चटईचा फूटभर रुंदीचा पट्टा नळीच्या तोंडाभोवती गुंडाळला की काच बराच काळ कोरडी राहते. तरीही दव आलेच, तर दुर्बीण घरात आणून, तोंड किंचित खाली करून, काच आपोआप सुकू द्यावी आणि मगच झाकण घालावे. पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहानसा आर्द्रतामापक पुरेसा आहे. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली ठेवावी. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतात. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्टचा विषारी क्षार असतो, तेव्हा त्यासाठीची कढई पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. जुने छायाचित्रकार कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवत, तोही उपाय वाईट नाही. शिवाय महिन्यातून एकदा घरातच दुर्बीण काढून दहा मिनिटे मोटारी दोन्ही दिशांना फिरवाव्यात. त्याने ग्रीस पसरलेले राहते आणि काचेवर नजरही पडते.

काच पुसण्याचा उत्साह आवरावा. थोड्या धुळीने प्रतिमेत काही फरक पडत नाही. सदऱ्याच्या टोकाने पुसल्यावर पडणारे ओरखडे मात्र कायमचे असतात. रबरी फुग्याने धूळ उडवणे एवढे वर्षभर पुरते. आरशांची जुळवणी बिघडली की मुद्दाम फोकस बिघडवून अस्पष्ट केलेला तारा एका बाजूला झुकलेल्या मेदूवड्यासारखा दिसतो. ती पुढच्या तीन स्क्रूंना अगदी अल्पसा पीळ देऊन सुधारता येते, पण पहिल्यांदा जाणकाराच्या शेजारी बसूनच करावी. सूर्यासाठीची योग्य गाळणी (फिल्टर) नळीच्या पुढच्या तोंडावर बसवल्याशिवाय दुर्बीण सूर्याकडे वळवू नये, आणि तेव्हा नळीवर बसवलेल्या लहान शोधक दुर्बिणीवरही झाकण असावे, हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

दुर्बीण आणणारे भेटतात, तिला पुढचा माणूस मिळत नाही, हा अनुभव आपल्याकडे नवा नाही. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून 1888 मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात, वेधशाळा उभी राहिली. तिथली 20 इंची, ग्रब बनावटीची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती वेधशाळा चालवली. जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते साहित्य घेऊन करमाळा तालुक्यातल्या जेऊरला गेले होते. 1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. सुदैवाने ती दुर्बीण कपाटात गेली नाही, कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली. शाळेतल्या विज्ञानशिक्षकाची बदली झाली की तिथल्या आठ इंची दुर्बिणीला कोडाईकनाल नसते.

म्हणून देणाऱ्यांना माझी विनंती आहे, की लाख-दोन लाखांच्या दुर्बिणीबरोबर तिच्या बॅटरीची, कोरड्या पेटीची आणि वर्षातून एकदा तपासणी करणाऱ्या माणसाची तरतूद देणगीतच करावी, आणि एका शिक्षकाऐवजी निदान दोघांना, शक्य असेल तर नववीच्या चार-पाच मुलांनाही, ती चालवायला शिकवावे. बदली मुलांची होत नाही. ही तरतूद होणार नसेल तर सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण द्यावी. तिच्यात मोटार नाही, सर्किट नाही, मुलांनी ती हातानेच फिरवायची असते आणि तारे स्वतः शोधायचे असतात. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत 1944 पासून हौशी लोक एकमेकांना आकाश दाखवत आले आहेत, आणि पुण्यातल्याच आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या कार्यशाळांत लोकांनी आरसे स्वतः घासून दुर्बिणी बनवल्या आहेत. यंत्राआधी आकाश शिकण्याची सोय आपल्याकडे नाही, असे नाही. संगणकीय दुर्बिणीला माझा विरोध मुळीच नाही. गुडघेदुखीमुळे वाकून शोधक दुर्बिणीतून पाहणे मला आता जमत नाही, आणि ती नसती तर माझे निरीक्षण केव्हाच थांबले असते. 2025 मध्ये शनीची कडी कडेने दिसत होती, तेव्हा गच्चीवर आलेली मुले ‘कडी कुठे आहेत?’ असे विचारून हिरमुसली. त्याच रात्री दुर्बिणीने मिनिटभरात दुसरी ज्योत दाखवली आणि वेळ निभावली.

ज्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या कपाटात अशी दुर्बीण असेल, त्यांनी पाऊस सुरू होण्यापूर्वी निदान सेल बाहेर काढावेत आणि झाकण उघडून काच उजेडात पाहावी. सातारा तालुक्यातल्या कोणत्याही संस्थेची दुर्बीण मी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत विनामोबदला तपासून देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवला आहे; येताना रिमोट आणि त्याची वायर विसरू नये.

आपला,
एक हौशी आकाशनिरीक्षक,
सातारा