थोमाच्या डोंगरावरून आई-बाबांना

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

बाबा, "थोमा खरंच तिकडे आला होता का गं?" हे तुम्ही विचारलंत, पण फोनवर सगळं सांगून होईना. म्हणून इथून, चेन्नईहून, लिहितेय.

इथले लोक सांगतात ते असं: इ. स. 52 मध्ये येशूचा शिष्य, प्रेषित थोमा केरळात मुझिरिस बंदराजवळ उतरला, मंडळ्या उभ्या केल्या, मग इथे चेन्नईतल्या मैलापूरला आला. 72 मध्ये इथल्याच डोंगरावर भाल्याने त्याचा वध झाला. ही परंपरा आहे, त्या काळचा लेख कुणाकडे नाही. पण मिरीसाठी रोमन गलबतं मोसमी वाऱ्यावर मुझिरिसला येत असत, हे पक्कं. म्हणजे वाट रुळलेली होती. शिवाय केरळातली नसराणी, म्हणजे तिथली जुनी ख्रिस्ती, घराणी शतकानुशतकं सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेत उपासना करत आली आणि स्वतःला मार थोमाची, म्हणजे संत थोमाची, म्हणवत आली. एवढ्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आठवण मला तरी मोडीत काढवत नाही.

आई, तुझ्याशी बोलायचंय ते वेगळंच. आपण त्याला सरसकट 'संशयी थोमा' म्हणतो, त्याचं मला फार वाईट वाटतं. योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय काढून बघ. मेलेल्या लाजरासाठी येशूबरोबर यहूदियात परत जायचं तर लोक धोंडमार करतील, म्हणून शिष्य कचरतात. तेव्हा थोमाच म्हणतो, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. हे कुणाच्या लक्षात राहत नाही! आणि 20व्या अध्यायातही तो रुसून निघून जात नाही. येशू मेलेल्यांतून उठला हे पटलेलं नसताना आठ दिवसांनी त्याच खोलीत, त्याच माणसांबरोबर असतो. मग "माझा प्रभू व माझा देव!" येशूला समोरासमोर इतक्या थेट शब्दांत देव म्हणणारा त्या शुभवर्तमानातला तो एकटाच शिष्य.

रविवारी डोंगरावर गेले होते. वरच्या जुन्या चर्चमध्ये वेदीमागे दगडात कोरलेला क्रूस आहे, पोर्तुगीजांना 1547 मध्ये खोदकामात सापडलेला. कडेने पहलवी या जुन्या इराणी लिपीतली अक्षरं आहेत, म्हणजे इराणकडच्या ख्रिस्ती लोकांशी इथल्यांचं नातं किती जुनं! बाहेर आलं की खाली विमानतळ, विमानं अगदी जवळून उतरताना दिसतात.

मैलापूरच्या सान्थोम चर्चमध्ये तळघरात थोमाची कबर आहे. अस्थी फार पूर्वी आजच्या तुर्कस्तानातल्या एदेसाला नेल्या, 1258 पासून त्या इटलीत ओर्तोनाला आहेत असं मानतात. तरी इथे माणसं येतातच. माझ्या शेजारी कुंकू लावलेली एक आजी डोळे मिटून बसली होती, आजूबाजूला काय चाललंय याचं तिला भानच नव्हतं.

बाबा, पायऱ्यांची काळजी नको, वरपर्यंत गाडी जाते. थोमाचा सण 3 जुलैला असतो, पण तेव्हा उकाडा तुम्हाला सोसायचा नाही. जानेवारीत या. आईच्या शाळेतल्या मैत्रिणीचं लग्नकार्य कधी आहे तेवढं कळवा, म्हणजे पुण्याहून रेल्वेची तिकिटं काढते.

तुमची,
लेक