आमच्या शाळेच्या मॅडमना

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्टअखेर तुमचा निरोप समारंभ झाला, तेव्हा मला चार शब्द धड बोलता आले नाहीत. शाल आणली होती, नारळ होता, पोरं ओळीत बसली होती, आणि उभा राहिल्याबरोबर घसा दाटून आला. तेव्हा राहिलेलं आज लिहितो. उघड लिहितो, कारण आमच्या शाळांच्या केंद्राबाहेरच्या लोकांनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

सप्टेंबर 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा आदेश घेऊन तुम्ही आलात. एम.ए., बी.एड., मुदत सहा महिने, विद्यावेतन महिना 10,000 रुपये. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. साठपर्यंत पट असला की दोन शिक्षक, हा नियमच आहे. एक जण बैठकीला किंवा निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याच्या अंगावर चारही वर्ग. म्हणून खरं सांगतो, तुमचा आदेश वाचताना माझ्या डोक्यात ऑनलाइन माहिती भरायचं कामच आलं होतं. शालेय पोषण आहाराची रोजची नोंद तुम्ही करावी, म्हणजे मला फळ्यापाशी उभं राहता येईल, एवढीच माझी अपेक्षा.

तुम्ही ते काम केलंत, तेही डबा खायच्या सुट्टीत. पण दसरा झाला आणि तुम्ही मला विचारलंत, "सर, यातली किती पोरं कारखान्याला जाणार?"

शिरूर कासार तालुक्यात हा प्रश्न कोणाला नवा नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम आधीच घेतलेली, मग लेकरू ठेवायचं कुठं? तेही ट्रॅक्टरवर चढतं. आदल्या वर्षी आमच्या 38 पैकी 12 मुलं अशी गेली होती. त्यावर हंगामी वसतिगृहाची योजना आहे. नाव वसतिगृह असलं तरी मूल आजी-आजोबांकडेच झोपतं आणि शाळा व्यवस्थापन समिती सकाळ-संध्याकाळचं जेवण बघते. योजना आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. मात्र निघायच्या गडबडीत असलेल्या आईबापाला रात्री घरी जाऊन समजावणारं माणूस आमच्याकडे नव्हतं.

तुम्ही शंभर पानी वही घातलीत. कोणी उचल घेतली, कोणत्या तारखेला निघणार, मागे घरी कोण राहणार, लेकराला कोणापाशी झोप लागते. हा शेवटचा रकाना मला सुचला नसता. दिवसा माणसं रानात, म्हणून तुम्ही संध्याकाळी सातनंतर बॅटरी घेऊन वस्तीवर जायचात. कधी मी बरोबर असायचो, कधी समितीच्या अध्यक्ष ताई.

ओढ्यापलीकडच्या आजींचं घर मी विसरणार नाही. नात तिसरीत. आजी म्हणाल्या, "मला काई दिसत नाई बाई. लेकरू रातच्याला आजारी पडलं तर म्या कुठं जाऊ?" तुम्ही योजना समजावत बसला नाहीत. गेरू मागितलात आणि चुलीच्या वरच्या भिंतीवर तुमचा मोबाईल नंबर हाताएवढ्या मोठ्या आकड्यांत लिहिलात. नातीकडून तीनदा वाचून घेतलात. जानेवारीत एकदा रात्री साडेदहाला त्या नंबरवर फोन आला आणि तुम्ही आशाताईंना घेऊन तिथं पोचलात. हे मला दुसऱ्या दिवशी आजींनीच सांगितलं. तुम्ही नेहमीसारख्या प्रार्थनेला हजर होतात.

त्या वर्षी कारखान्यांचं उसाचं गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झालं. आमची चार मुलं गेली, बाकीची राहिली. गेलेल्या चौघांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं होतं. ती कारखान्याजवळच्या शाळेत बसतात का, हे तुम्ही फोन करकरून विचारत राहिलात. दोघं बसली.

शनिवारची शाळा सुटल्यावर तुम्ही आपल्या फोनवरून पोरांचं आईबापांशी बोलणं करून द्यायचात. आधी एक उतारा मोठ्याने वाचायचा, मग बोलायचं. ऊसतोडीच्या फडात फोन कानाला लावून ऐकणाऱ्या आईचा आवाज वर्गात सगळ्यांना ऐकू यायचा. एका शनिवारी आजींच्या त्याच नातीने वडिलांना विचारलं, "पप्पा, पावतीवरचा आकडा सांगा." त्यांनी सांगितलेलं वजन तिने पाटीवर मांडलं, आधीच्या आठवड्यांची बेरीज त्यात मिळवली, टनाच्या दराने गुणायला तुमची मदत घेतली आणि उचलीतून वजा केलं. सप्टेंबरमध्ये हिला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. उत्तर बरोबर आलं. पाटी घेऊन ती माझ्याकडे आली, म्हणाली, "सर, एवढे फिटायला अजून किती दिवस?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही तिच्याशेजारी खाली बसलात आणि दोघींनी मिळून तोही हिशोब केलात.

आता विद्यावेतनाबद्दल मुद्दाम लिहितो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत कोणीतरी म्हणालं होतं की असं काम सेवाभावाने व्हायला हवं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. तालुक्याला खोलीचं भाडं, रोजची जीप, जेवण हे तुम्ही कशातून भागवणार होतात? खात्याला आधार जोडलेलं नव्हतं म्हणून पहिले दोन महिने पैसे जमा झाले नाहीत, तेव्हा तुम्ही भावाकडून उसने घेतलेत, हे मला फार उशिरा कळलं. पुढे पैसे वेळेवर येऊ लागले आणि तुमच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झालेला मी पाहिली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेकीला अकरा महिने रोज शाळेत येता आलं ते त्या 10,000 रुपयांमुळे. रक्कम थोडीच होती. तुमच्या कामाला कमी होती, असंच मी म्हणेन.

मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोड संपली, आईबाप परतले. त्याच सुमाराला तुमचे सहा महिने संपत होते आणि शासनाने मुदत पाच महिन्यांनी वाढवली. मी त्या दिवशी शाळेत पेढे वाटले होते, ते तुमच्यापेक्षा माझ्या आनंदासाठी होते.

यंदा, 2025 ला, गाळप 1 नोव्हेंबरला, म्हणजे पंधरा दिवस आधीच. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत कापूस गेला, सोयाबीन गेलं, त्यामुळे कधी न गेलेली घरंही यंदा उचल घेऊन बसली आहेत. तुमची वही आम्ही दोघा शिक्षकांनी काढली आहे, तेच रकाने आखून नवीन पान केलं आहे. 23 नोव्हेंबरला तुमची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, तेव्हा आमची काळजी करत बसू नका, अभ्यास करा.

परवा आजींकडे जाऊन आलो. नात आता चौथीत. त्यांनी विचारलं, भिंतीवरचा नंबर अजून चालतो का? मी गेरू मागितला. तुमचा नंबर तसाच ठेवला आणि त्याखाली माझा लिहिला. नातीकडून तीनदा वाचून घेतला.

आपला,
मुख्याध्यापक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा
ता. शिरूर कासार, जि. बीड