हिवाळी स्कीइंग सहलीबाबत सूचना

सर्व सहभागी सदस्यांना कळविण्यात येते की, हिवाळी सुट्टीतील स्कीइंग सहलीच्या तयारीची बैठक येत्या रविवारी सायंकाळी ६ वाजता नेहमीच्या ठिकाणी होईल. साहित्य भाड्याने घ्यावयाचे असल्याने प्रत्येकाने आपली उंची, वजन, वय, बुटाचे माप आणि स्कीइंगचा अनुभव लिहून आणावा. बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगचा ताण या माहितीवरूनच ठरतो. तो गरजेपेक्षा जास्त राहिल्यास पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळू शकतो, तर कमी राहिल्यास ती अवेळीच सुटू शकते, त्यामुळे वजन कमी किंवा अनुभव जास्त सांगण्याचा मोह कृपया टाळावा.

१. बुटात एकच पातळ मोजा घालावा. दोन मोज्यांनी पाय आवळला जाऊन बोटे उलट अधिकच गार पडतात.
२. अंगालगत सुती कपडे नकोत. ते घामाने भिजले की लवकर वाळत नाहीत.
३. हेल्मेट सर्वांना सक्तीचे आहे. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करू शकतो, म्हणून गॉगल व सनस्क्रीन ढगाळ दिवशीही वापरावे.

उतारावर पुढे असलेल्याचा हक्क पहिला असतो आणि मागून येणाऱ्याने त्याला टाळून वाट काढायची असते, हा आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाचा नियम सर्वांनी पाळावा. थांबायचे झाल्यास कडेला थांबावे. बंद केलेल्या उतारावर कोणीही जाऊ नये.

नवशिक्यांनी पहिल्या दिवशी प्रशिक्षकाकडेच शिकावे. मित्राने मित्राला शिकवण्यात बहुधा दोघांचाही दिवस वाया जातो. प्रवासविम्यात स्कीइंगचा समावेश आहे ना, हे बैठकीपूर्वीच तपासावे.