‘टेन्शन सोड, दिवस राहतील’ हा सल्ला आता पुरे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मन प्रसन्न राहावे, चिंता कमी व्हावी आणि मूल व्हावे यासाठीच्या नैसर्गिक उपायांवर वर्तमानपत्रांच्या आरोग्यविषयक पानांतून सातत्याने लिहिले जाते. त्यातला पुष्कळसा मजकूर निरुपद्रवी असतो आणि काही खरोखर उपयोगाचाही असतो. माझी तक्रार त्यामागच्या एका गृहीतकाबद्दल आहे. बाई फार विचार करते, सतत ताणाखाली असते, म्हणून तिला दिवस राहत नाहीत. तेव्हा तिने प्राणायाम करावा, काढा घ्यावा, मन रमवावे, म्हणजे बाकीचे आपोआप होईल, हे म्हणणे लेखांतून आणि घरोघरच्या बोलण्यांतून इतके रुळले आहे की त्याला आधार काय, असे कोणी विचारतही नाही.

नागपूरच्या जुन्या वस्तीत मी बरीच वर्षे औषधांचे दुकान चालवीत आहे. मूल होण्यासाठीच्या औषधांची चिठ्ठी घेऊन येते ती बहुधा बाईच. सोबत सासू किंवा नणंद असते, आणि नवरा आलाच तर समोरच्या पानठेल्यावर उभा राहतो. ‘टेन्शन घेऊ नको, सगळं होईल’ हे वाक्य सोबतच्या बायका तिला माझ्यासमोरच ऐकवतात. ऐकवणारीचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारीच्या पदरी त्यातून एक आरोपच पडतो.

या आरोपाची शहानिशा झालेली आहे. मानसशास्त्रज्ञ जॅकी बॉइव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 14 अभ्यासांतील 3,583 स्त्रियांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली. वंध्यत्वावरील उपचार सुरू होण्यापूर्वी या स्त्रिया किती चिंतेत होत्या याची नोंद होती, आणि उपचारांच्या त्या फेरीत कोणाला दिवस राहिले व कोणाला नाही हेही ठाऊक होते. अधिक चिंतेत असणाऱ्यांना कमी यश आले, असे आढळले नाही. अत्यंत कमी खाणे, झपाट्याने घटलेले वजन, टोकाचा व्यायाम आणि त्याच्या जोडीला तीव्र ताण यांमुळे पाळी थांबू शकते, हे खरे आहे. परंतु तशी अवस्था पाळीवरूनच कळून येते, आणि ज्या बाईची पाळी दर महिन्याला वेळेवर येते तिला ‘तुझ्या विचारांमुळेच राहत नाही’ असे सांगण्याला काहीही आधार उरत नाही.

कार्यकारणाची दिशा बव्हंशी उलट आहे. मानसशास्त्रज्ञ ॲलिस डोमार यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मूल न होणाऱ्या स्त्रियांमधील चिंतेची आणि खिन्नतेची लक्षणे कर्करोगाच्या व हृदयविकाराच्या रुग्णांच्या तोडीची आढळली होती. हा अभ्यास अमेरिकेतला आहे; आपल्याकडे हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला बोलवावे की न बोलवावे याची जी कुजबुज चालते तिची भर त्यात घातली, तर हे ओझे हलके होण्याची शक्यता दिसत नाही. तेव्हा खिन्नतेवर उपाय जरूर करावेत, पण ती खिन्नता स्वतःच एक दुखणे आहे म्हणून करावेत. मन शांत केल्याचे बक्षीस म्हणून मूल मिळेल, असे आमिष त्याला लावू नये. कारण ते मिळाले नाही की नीट शांत होता आले नाही, हा नवा दोष पुन्हा तिच्याच माथी येतो.

मनासाठी जे नैसर्गिक उपाय सुचवले जातात त्यांपैकी काहींना चांगला पुरावा आहे, मात्र तो मोठ्या मात्रेचा आहे आणि ही मात्रा लेखांत सहसा दिलेली नसते. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेत चिंतेचा विकार असलेल्या 276 जणांवरील एका चाचणीत ध्यानाधारित प्रशिक्षण हे एस्सिटॅलोप्राम या नेहमीच्या औषधापेक्षा कमी पडले नाही. पण ते प्रशिक्षण म्हणजे आठ आठवडे चाललेला, दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग होता आणि त्याशिवाय रोज घरी 45 मिनिटांचा सराव होता. ऑफिसच्या खुर्चीत दोन मिनिटे डोळे मिटून तेवढेच फळ मिळेल असे सांगणे म्हणजे पाच दिवसांच्या औषधाची एकच गोळी देण्यासारखे आहे. चालण्याचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितलेले माप आठवड्याला 150 ते 300 मिनिटांच्या मध्यम श्रमाचे आहे. अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सला रोज सकाळी अर्धा तास झपझप चालणाऱ्याचे ते आरामात पूर्ण होते, रविवारी फुटाळ्यावर भुट्टा खात रमतगमत फिरणाऱ्याचे होत नाही.

आहाराबाबत ऑस्ट्रेलियातील ‘स्माइल्स’ या 2017 सालच्या चाचणीचा दाखला देता येतो. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या 67 जणांपैकी निम्म्यांना बारा आठवडे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली भाज्या, फळे, डाळी-कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे, सुकामेवा आणि ऑलिव्ह तेल यांवर भर असलेला आहार दिला, तर उरलेल्यांना तितकाच वेळ सोबत आणि गप्पा मिळाल्या. पहिल्या गटातील 32 टक्के लोकांचे नैराश्य जवळपास ओसरले, दुसऱ्या गटात हे प्रमाण 8 टक्के होते. चाचणी लहान आहे आणि आपण काय खात आहोत हे खाणाऱ्यापासून लपवता येत नाही, ही तिची मर्यादा आहे. शिवाय यातील बहुतेक जण औषधे किंवा समुपदेशन घेतच होते. तरीही तो आहार आपल्याला परका नाही. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, हरभरा, जवसाची चटणी आणि हंगामात संत्री, असे वैदर्भीय ताट त्याच्या बरेच जवळ जाते. सावजीचा रस्सा मात्र जात नाही, हे एक सावजीप्रेमी म्हणून नाइलाजाने लिहितो. जवसात ओमेगा-3 असते, पण ते वनस्पतीजन्य प्रकारचे असून माशांतून मिळणाऱ्या प्रकारात त्याचे रूपांतर शरीर फार थोड्या प्रमाणात करू शकते. शुद्ध शाकाहारी घरांत बी-12 या जीवनसत्त्वाची कमतरताही नेहमीची आहे आणि तिच्यामुळे थकवा, उदासी, हातापायांना मुंग्या अशी लक्षणे दिसतात. ही कमतरता एका रक्त तपासणीत कळते, तिथे चिंतनाचा उपयोग नाही.

आता पानठेल्यावर उभ्या असलेल्या गृहस्थांकडे वळतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने असते. वीर्य तपासणी ही या संपूर्ण प्रवासातली सर्वांत सोपी, स्वस्त आणि न दुखणारी तपासणी आहे, तरीही बाईच्या सोनोग्राफ्या, नळ्यांच्या तपासण्या आणि हार्मोनच्या चाचण्या उरकल्यानंतर, कित्येकदा वर्षानंतर, या तपासणीचा क्रमांक लागतो. नैसर्गिक उपायांचा खरा वाव मला इथेच दिसतो, आणि त्यांवर सर्वांत कमी लिहिले जाते तेही इथेच. शुक्राणू तयार होण्यास अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून आज सोडलेल्या सवयीचा परिणाम तीन महिन्यांनी तपासावा लागतो. अंडकोषांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी राहावे अशीच शरीराची रचना आहे. नवतपात नागपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा भट्टीवर, वेल्डिंगवर, हॉटेलच्या मुदपाकखान्यात किंवा ट्रकच्या केबिनमध्ये दिवसभर काम करणाऱ्यांनी या गोष्टीची दखल घ्यायला हवी. सैल कपडे, मधूनमधून सावलीत विश्रांती, मांडीवर लॅपटॉप न ठेवणे, हे बिनखर्चाचे आहे.

खर्रा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी असली, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिवसभर तोंडात ठेवणे विदर्भात अंगवळणी पडले आहे. तंबाखूने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटतात. बायकांच्या खर्ऱ्याबद्दल आणि गुडाखूबद्दल (दातांना घासायची तंबाखूची लगदी) उघड बोलले जात नाही, पण गरोदरपणातील तंबाखू बाळाचे वजन घटवते. त्याच्याच शेजारी एक नवे संकट उभे आहे. व्यायामशाळांत दंड फुगवण्यासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची आणि तत्सम स्टेरॉइडची इंजेक्शने मेंदूकडून अंडकोषांना जाणारा संदेशच थांबवतात. शुक्राणूंची संख्या शून्यापर्यंत खाली येऊ शकते आणि ती पूर्ववत होण्यास अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. पौरुषासाठी घेतलेल्या इंजेक्शनाने बापपण लांबणीवर पडते, हे या तरुणांना कोणीतरी सांगायला हवे. उलट, पुरुषांच्या ‘शक्तीवर्धक’ गोळ्यांत झिंक आणि फोलिक ॲसिड असते म्हणून त्या हमखास लागू पडतात असेही नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत 2,370 जोडप्यांतील पुरुषांना सहा महिने एक तर झिंक व फोलिक ॲसिड किंवा निव्वळ दिखाऊ गोळ्या दिल्या गेल्या. दोन्ही गटांतील बाळांच्या जन्मांत फरक पडला नाही. झिंकवाल्यांची पोटे मात्र अधिक बिघडली.

स्त्रीने फोलिक ॲसिड घेणे ही गोष्ट वेगळी. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात ती गर्भधारणेनंतर 28 दिवसांत आकार घेऊन मिटते, आणि ती नीट मिटण्यासाठी फोलिक ॲसिड लागते. तोवर बाईला फक्त पाळी चुकल्याचे लक्षात आलेले असते. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅमची मात्रा दिवस राहण्याआधीपासूनच सुरू असावी लागते. आपल्याकडे सर्रास विकली जाते ती 5 मिलिग्रॅमची गोळी असते, तेव्हा किती घ्यावी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

सर्वांत नैसर्गिक उपाय तर लेखांत जवळपास कधीच येत नाही. बीज फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, असे सहा दिवसच दर महिन्याला गर्भधारणा शक्य असते, हे 1995 साली 221 स्त्रियांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी बीज फुटते. नवरा पुण्यात नोकरीला, किंवा मिहानमध्ये रात्रपाळीला, आणि घर दोन खोल्यांचे, अशा संसारात हे सहा दिवस हिशेबाने जुळवून आणणे काढ्यापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

काढ्यांबद्दल माझे मत कडवट आहे, आणि ते धंद्यातूनच आलेले आहे. अश्वगंधेने चिंता कमी झाल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. पण तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, ती थायरॉईडची पातळी वाढवू शकते आणि गरोदरपणात ती टाळावी असे सांगितले जाते. मूल होण्याची वाट पाहणाऱ्या बाईला गरोदरपणाचा पहिला दिवस कळत नाही, ही साधी अडचण जाहिरातदार विसरतात. 2011 ते 2012 या काळात न्यूयॉर्कमध्ये सहा गरोदर स्त्रियांना शिशाची विषबाधा झाल्याचे आढळले. त्या भारतात बनलेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. शिसे वारेतून बाळापर्यंत जाते. दुसरीकडे, चिंतेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या पाळी चुकताच स्वतःहून बंद करणाऱ्या बायका आहेत. अल्प्राझोलामसारखी गोळी एकाएकी सोडली तर झटके येऊ शकतात. व्हॅल्प्रोएटसारखे औषध गरोदरपणाआधीच बदलून घ्यावे लागते, आणि इतर अनेक औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू ठेवता येतात. हा निर्णय मनोविकारतज्ज्ञाचा आहे, शेजारणीचा किंवा माझ्यासारख्या दुकानदाराचा नाही.

वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा बाईचे वय 35 च्या पुढे असून सहा महिने झाले, तर दोघांच्याही तपासण्या व्हाव्यात. थायरॉईड, पीसीओएस (बीजकोषांचा हार्मोनविषयक विकार), आणि गर्भाशयाचा व नळ्यांचा क्षयरोग, जो आपल्या देशात अजूनही नळ्या बंद पडण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे, यांवर निश्चित उपचार आहेत. नैसर्गिक उपायांत घालवलेली दोन-तीन वर्षे मात्र परत मिळत नाहीत. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही याच वेळी व्हावी, कारण दोघेही वाहक असल्यास प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते.

राहिला प्रश्न आपल्या वर्तमानपत्रांचा. औषधे व जादूई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 साली आला. स्त्रियांचे वंध्यत्व हे त्याच्या परिशिष्टात आहे, म्हणजे ते बरे करण्याच्या औषधाची जाहिरात करता येत नाही. जाहिरात प्रसिद्ध करण्यात सहभागी होणेही गुन्हा असून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही ‘कूस उजवणाऱ्या’ काढ्यांच्या चौकटी वर्तमानपत्रांत छापून येतच असतात. आपल्या जाहिरात विभागाने अशा चौकटी स्वीकारू नयेत, आरोग्याच्या पानावरील प्रत्येक नैसर्गिक उपायासोबत त्याची मात्रा, मुदत आणि मर्यादा छापावी, आणि मनाच्या विषयावरील लेखाखाली शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक द्यावा, अशी माझी विनंती आहे. हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीतूनही बोलता येते.

आपला,
एक औषधविक्रेता वाचक, महाल, नागपूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)