अनुमान नव्हे, अनुपान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत खोकल्यावरच्या घरगुती उपायांचा लेख वाचला. माहिती चांगली होती, पण त्यात 'सितोपलादी चूर्ण मधाच्या अनुमानातून घ्यावे' असे छापले आहे. तिथे 'अनुपानातून' हवे. एका अक्षराची चूक, सोडून देता आली असती. पण चोपड्याला एका वैद्यांच्या दवाखान्यात मी ३१ वर्षे पुड्या बांधल्या, हा शब्द रोज कानावर पडला, म्हणून राहवले नाही.

अनुमान म्हणजे तर्क. अनुपान म्हणजे औषध ज्यातून घ्यायचे किंवा ज्यावर प्यायचे ते: मध, तूप, दूध, ताक, आल्याचा रस, साधे कोमट पाणी. 'अनु' म्हणजे मागून, 'पान' म्हणजे पिणे. जलपानातले पान तेच. कडू चूर्ण घशाखाली उतरावे एवढ्यासाठीच ते असते, असा बऱ्याच जणांचा समज आहे. शार्ङ्गधर संहितेत मात्र म्हटले आहे की, पाण्यावर तेल जसे क्षणात पसरते तसे औषध अनुपानामुळे अंगात पसरते.

हिरडाच घ्या. पावसाळ्यात तो सैंधवातून, शरदात साखरेतून, हेमंतात सुंठीतून, शिशिरात पिंपळीतून, वसंतात मधातून आणि ग्रीष्मात गुळातून घ्यायला सांगितला आहे. हिरडा एकच, अनुपाने सहा. उलट बिब्ब्याचे पाहा. तेला-तुपावर गरम पाणी प्यावे असे सुश्रुत सांगतात, पण बिब्ब्याचे आणि तुवरकाचे, म्हणजे कडू कवठाचे, तेल त्यातून वगळतात. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा लोकांना याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. बिब्बा मुळातच जहाल उष्ण; तो उतून फोड आलेले हात आम्ही पाहिलेले आहेत.

आमचे वैद्य पुडी हातात देण्याआधी विचारायचे, "घरात मध आहे का? तूप?" एकदा कापूस वेचणारी एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन आली. मध नाही, तूपही नाही म्हणाली. "शेळी आहे ना? मग दुधातून दे," म्हणाले, आणि पुडीवर मी पेन्सिलीने लिहिलेले 'मध' स्वतः खोडून 'दूध' लिहिले. मध-तूप दोन्ही सांगायचे असेल तर समभाग घेऊ नका, हे दारापर्यंत जाऊन बजावायचे.

पेशंटांपैकी फारच थोडे 'अनुपान' हा शब्द उच्चारत. ते विचारत, "भाऊ, हाई पुडी कसामा लेवानी?" मी सांगे, "मधमा." अहिराणीतला तो 'मा' आणि मराठीतला 'मधातून'मधला 'तून', दोन्हींत अनुपानाचा अर्थ पुरता उतरला आहे. औषध मधातून जाते, मध त्याची वाट आहे. हल्ली डब्यांवर 'मधासोबत घ्या' असे छापतात, ते मला खटकते. सोबत तर भाकरीबरोबर ठेचाही असतो. निदान आपल्या पानांवर तरी 'मधातून' किंवा 'अनुपान मध' असे यावे.

आमच्या शेजारच्या वहिनींनी तो लेख कापून फ्रिजवर चिकटवला आहे. त्यातल्या 'मा'चा मी पेनाने 'पा' करून दिला. अशी कात्रणे आणखी घरांत असतील, तेव्हा येत्या रविवारी त्याच जागी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कंपाउंडर,
चोपडा, जि. जळगाव