खारघरच्या काकूंना आणि त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना

काकू, सप्रेम नमस्कार.

भाच्याची कॅन्सरवरची केमो संपली, आता तपासण्या तेवढ्या राहिल्या. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

परभणीहून पनवेलच्या गाडीत बसलो तेव्हा घोर पैशांचा होता. काही भार फुले जन आरोग्य योजनेनं उचलला, काही गावानं. पण केमोनंतर पोराच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, 10 हजारांच्या खाली आल्या आणि डॉक्टर म्हणाले, डोनर बघा. प्लेटलेट 5 दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे महिनाभराचा साठा करून ठेवता येत नाही. गरज पडेल तेव्हा कुणीतरी येऊन तास-दीड तास हाताला मशीन जोडून बसायचं. मशीन प्लेटलेट काढून घेतं, बाकीचं रक्त परत अंगात सोडतं. ओळखपाळख नसलेल्या गावात असं माणूस कुठून आणायचं? माझी बहीण अ‍ॅक्ट्रेकच्या, म्हणजे खारघरच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या आवारात रडत होती, तेव्हा डबे वाटायला आलेल्या तुम्ही फक्त रक्तगट विचारलात.

तुमची ती वही मी पाहिली आहे. रक्तगटाप्रमाणे नावं, मागच्या वेळी कधी दिलं ती तारीख, कुणाची रात्रपाळी, कुणाला अ‍ॅस्पिरिन चालू आहे म्हणून सध्या फोन करायचा नाही. नियमानं 48 तासांनी पुन्हा प्लेटलेट देता येतात, तरी तुम्ही एकाच माणसाला लगोलग हाक मारत नाही. डब्यांचंही तसंच. केमोतल्या पोरांना कच्चं काही नको, म्हणून सोसायटीतल्या बायका मुगाची खिचडी गरमागरम पाठवायच्या. भाचा अजून तीच मागतो.

हे लोक का येतात, याचा मी खूप विचार केला. ऐरोलीहून कामावरून थेट आलेल्या एका मुलाला विचारलंही. तो म्हणाला, "काकूंनी नाव घेऊन फोन केला ना." बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, बायकोच्या आजारपणात रात्री अकराला एक अनोळखी रिक्षावाला रक्त द्यायला आला होता, त्याचं नावही विचारायचं राहिलं. मला वाटतं, मदत करायची इच्छा पुष्कळांना असते. कुठे, किती वाजता, कोणासाठी यायचं हे कुणी सांगत नाही. तुम्ही सांगता. आणि संध्याकाळी पेशंटच्या प्लेटलेटचा आकडा वाढला की डोनरला आठवणीनं कळवता. म्हणून तो पुन्हा येतो.

परभणीत आम्ही चौघा-पाचांनी तशीच वही सुरू केली आहे. कोण किती दिवसांनी, हे कसं सांभाळता ते एकदा सविस्तर सांगा.

दिवाळीनंतर तपासणीला येतोय. माझा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, वजन 68. तुमच्या वहीत लिहून ठेवा. येईन तेव्हा पोटभर जेवून येईन.

तुमचा,
परभणीचा मामा